चांदणीचा हातोडा आणि सत्तेचाळिसावा खुंट

मी एक जुना हातोडा आहे. पण खिळे ठोकणारा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण मला पाहिलं की लोक लगेच भिंतीकडे बघू लागतात. मित्रांनो, माझ्या तोंडावर पाच टोकांची चांदणी कोरलेली आहे आणि चांदणीच्या पोटात 'दा' हे अक्षर उलटं कोरलेलं आहे. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर मला मारलं की ते सुलटं उमटतं. ज्या लाकडावर ही चांदणी असेल ते लाकूड दादाजी ठेकेदाराचं, मग ते एटापल्लीच्या रानात पडलेलं असो की चांद्याच्या बाजारात उभं असो.

माझा जन्म चांद्याला, जटपुरा दरवाज्याजवळच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. लढाईचे दिवस होते. चांगलं लोखंड मिळत नव्हतं, म्हणून एका मोडक्या गाडीच्या आसाचं पोलाद तापवून त्याने मला घडवलं. चांदणी कोरायला त्याला दोन दिवस लागले आणि ते दोन्ही दिवस दादाजी भट्टीपुढे उकिडवे बसून होते. दांडा तिवसाचा बसवला. तिवसाचं लाकूड चिवट असतं, घाव सोसतं आणि हाताला झिणझिण्या येऊ देत नाही. आजपर्यंत माझा दांडा तीनदा बदलला, पण डोकं तेच आहे. माझ्या हट्टीपणाचं कारणही बहुतेक तेच असावं.

सुरुवातीला मी फार माजलो होतो, हे कबूल करतो. तेव्हा रान जमीनदाराचं होतं. त्याचा माणूस टेकडीवर उभा राहून हात हवेत फिरवायचा, "त्या नाल्यापासून इकडचं सगळं तुमचं," असं म्हणायचा, आणि झाला करार. कुठलं झाड पाडायचं, कुठलं राखायचं, हे कुणी सांगत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. सरळ, जाड सागवान दिसलं की आडवं व्हायचं आणि त्याच्यावर मी पडायचो. वाकडंतिकडं तेवढं मागे राहायचं. रेल्वेला स्लीपर हवे होते, लष्कराला फळ्या हव्या होत्या. दिवसाला दोन-दोनशे वेळा माझी चांदणी उमटायची. मला वाटायचं, हे रान माझ्याच मालकीचं आहे आणि दादाजी फक्त मला उचलायला ठेवले आहेत.

सन १९५० च्या पावसाळ्यात दादाजी तापाने गेले. तेरावं झालं आणि चांद्याचे दोन ठेकेदार बैलगाडीने घरी आले. हळहळले, चहा प्याले आणि उठता उठता एक जण म्हणाला, "वहिनी, हातोडा आमाले देऊन टाका. जंगलाचं काम बाईमानसाचं नाई."

दादाजींच्या पत्नी रुखमाबाई उठल्या. त्यांनी मला खुंटीवरून काढलं, पदराने पुसलं आणि पुन्हा त्याच खुंटीवर टांगलं. पाहुणे काय ते समजले आणि गाडी जुंपायला गेले.

रुखमाबाई धानोऱ्याकडच्या, धान पेरणाऱ्या घरातल्या. वय चाळिशीच्या आतबाहेर. अक्षराला अक्षर जोडून वाचायच्या, पण वाचलेलं विसरायच्या नाहीत. त्या दिवाळीनंतर त्या पहिल्यांदा खाचरात, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून कामावर आल्या आणि त्यांनी मला उचललं. पहिला घाव तिरपा बसला. चांदणीची तीनच टोकं उमटली. गाडीवान तोंड फिरवून हसले. दुसरा घावही तसाच. विसाव्या ओंडक्याला मात्र चांदणी अशी उमटली, की दादाजींच्या हातूनही कधी उमटली नसेल. गाडीवानांचं हसू जिरलं. माझंही जिरलं, कारण खरं सांगायचं तर मीही हसलो होतो.

पुढच्याच वर्षी जमीनदारी गेली. रान जंगल खात्याच्या ताब्यात आलं आणि त्याच्या मागोमाग नियमांचा एक जाडजूड कागद आला. आमचे मुनीम नथ्थूभाऊ तो चांद्याहून घेऊन आले, तेव्हा त्यांचा चेहरा कुणीतरी गेल्याची खबर आणल्यासारखा होता. आता कुठलं झाड कापायचं ते सरकार ठरवणार. नाकेदार, म्हणजे जंगल खात्याचा शिपाई, झाडाची साल तासून तिथे सरकारी हातोड्याची खूण करणार: एक छातीच्या उंचीवर आणि एक खाली बुडाशी. खूण असेल तेच झाड पाडायचं. झाड पडल्यावर बुडाची खूण खुंटावर राहिली पाहिजे, म्हणजे तपासणाऱ्याला कळेल की हे झाड हुकमाने पडलं, चोरीने नाही. खुंट सहा बोटांहून उंच ठेवायचा नाही. नाल्याकाठचं झाड तोडायचं नाही. बी देणारी झाडं उभी ठेवायची. आणि माझी चांदणी कागदावर उमटवून कचेरीत नोंदवायची. नोंदलेल्या चांदणीशिवाय लाकूड नाक्यावरून सुटणार नव्हतं.

मला काय राग आला म्हणून सांगू! आजवर मी एकटा राजा होतो. आता आधी सरकारी हातोडा, मग मी. तो काळा, ठेंगणा, तोंडावर दोन आकडे कोरलेला. त्याला चांदणी नाही, फूल नाही, काही नाही.

त्या कागदामुळे कितीतरी ठेकेदारांनी काम सोडलं. हळहळायला आलेल्या त्या दोघांपैकी एकाने तर चांद्यात कापडाचं दुकान टाकलं. रुखमाबाईंनी मात्र तो कागद नथ्थूभाऊंकडून तीन वेळा वाचून घेतला. प्रत्येक कलमाला त्या "काऊन?" विचारायच्या आणि नथ्थूभाऊ प्रत्येक वेळी "सरकारले मालूम" म्हणायचे. शेवटी त्या म्हणाल्या, "नथ्थूभाऊ, हे लिवणाऱ्यानं रान पाह्यलं का नाई, मले मालूम नाई. पण नाल्याकाठचं झाड तोडू नोका म्हणते, थे खरं आहे. आमच्या माहेरचा नाला त्यानंच आटला. आपण हे सारंच पाळून पाहू."

एवढं बोलून त्या भात टाकायला उठल्या. एवढा मोठा निर्णय इतक्या साधेपणाने घेतलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

आमच्याकडे झाडं पाडणाऱ्या चार टोळ्या होत्या. त्यातली एक कोलूची. कोलू हा एटापल्लीच्या पलीकडच्या एका माडिया गावचा. उंचीने कमी, बोलायला त्याहून कमी. झाडाला हात लावण्याआधी तो त्याच्या बुडाशी चिमूटभर तांदूळ ठेवायचा, आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटायचा आणि मगच कुऱ्हाड उचलायचा. बाकीच्या टोळ्या उभ्याने करवत चालवायच्या आणि गुडघ्याएवढा खुंट मागे सोडायच्या. कमरेत वाकायचा कंटाळा, दुसरं काय! कोलूची टोळी मात्र जमिनीवर आडवं पडून करवत ओढायची. खुंट उरायचा चार बोटांचा, वरून पाटासारखा सपाट. एकदा रुखमाबाईंनी विचारलं, इतका त्रास कशासाठी घेतोस?

"बाई, उंच कापलं तं फुटवा वरून येते. वारा आला का फाटून पडते," कोलू म्हणाला. "खाली कापलं तं मुळातून येते. झाडाले वाटते, आपण अजून जित्ते आहो."

सन १९५४ च्या जानेवारीत, त्या हंगामातला आमचा कूप, म्हणजे तोडीला दिलेला रानाचा तुकडा, अर्धा झाला होता. तेव्हा रेंजरसाहेब तपासणीला आले. तरुण होते, चष्मा लावायचे आणि चालताना जमिनीकडे बघत चालायचे. मला ते तेव्हाच आवडायला हवे होते, पण माझं डोकं पोलादाचं. त्यांच्या मागे डोमा नाकेदार वही घेऊन. रुखमाबाई मला खांद्यावर टाकून शेजारून चालत होत्या.

पहिल्या तीन टोळ्यांचे खुंट गुडघ्याएवढे होते, त्यामुळे बुडाशी सरकारी खूण अगदी ठळक दिसत होती. साहेबांनी उंचीबद्दल दटावलं, पण झाडं हुकमाचीच पडली याबद्दल त्यांना शंका राहिली नाही. मग आम्ही कोलूच्या भागात आलो. साहेब एका खुंटाशी थांबले, वाकले, बोटाने साल चाचपली. पुढच्या खुंटाशी गेले. त्याच्या पुढच्या. त्यांचा चेहरा उतरत गेला.

एकाही खुंटावर खूण नव्हती.

असं झालं होतं मित्रांनो, की डोमा नाकेदाराला गुडघेदुखी. बुडाशी खूण करताना तो फार वाकत नसे, जमिनीपासून वीतभर वर हातोडा मारून मोकळा व्हायचा. आणि कोलूची माणसं कापायची चार बोटांवर. म्हणजे खूण खुंटावर न राहता ओंडक्याबरोबर निघून जायची. ज्यांनी आळस केला त्यांचे खुंट पास झाले, आणि ज्याने जीव लावून काम केलं त्याचे सगळे खुंट चोरीचे ठरले! एक कलम पाळायच्या नादात दुसरं मोडलं गेलं होतं, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"साहेब, खूण ओंडक्यावर आहे," रुखमाबाई म्हणाल्या. "टालावर, लाकडं रचली तिथी चाला, दाखवतो."

"असेलही, बाई. पण तो ओंडका याच खुंटाचा, हे कशावरून?" साहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच भीती जास्त वाटली. "खूण असलेलं लाकूड दुसरीकडून आणून इथलं बिनखुणेचं झाड नेता येतं. असं करणारे मी पाहिले आहेत. सेहेचाळीस खुंट आहेत. आठ दिवस देतो. सिद्ध करा. नाहीतर तुमची चांदणी रद्द होईल."

चांदणी रद्द होणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. कचेरीत कानस घेऊन माझं तोंड घासून सपाट करायचं. मग मी कुणाचाच नाही. पण माझं राहू द्या बाजूला. चांदणी गेली की रुखमाबाईंचा ठेका गेला आणि त्या ठेक्यावर जगणारी चाळीस घरं उघडी पडली. त्या रात्री जेवायला कुणी बसलं नाही म्हणतात. मी खुंटीवर होतो, मला एवढंच कळलं की भांड्यांचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोलू आला. खाली मान घालून उभा राहिला. म्हणाला, "बाई, माह्या कामानं तुमचं काम गेलं. उंच कापलं असतं तं बरं झालं असतं."

रुखमाबाई पहिल्यांदाच त्याच्यावर चिडल्या. "असं बोलू नोको! तू चांगलं काम केलं. चांगल्या कामाची लाज वाटू देऊ नोको." मग त्यांनी विचारलं, "कोलू, कोणता ओंडका कोणत्या खुंटाचा, तुले वळखता येते का?"

कोलूने असा चेहरा केला, जसं त्याला कुणी विचारावं की तुझी पोरं तुला ओळखता येतात का.

मग जे सुरू झालं, तसं काम मी माझ्या जन्मात पाहिलं नाही. रुखमाबाईंनी ठरवलं की प्रत्येक ओंडक्याच्या बुडाची एक चकती कापायची, वीतभर जाडीची, सरकारी खुणेसकट. ती रानात नेऊन तिच्या तिच्या खुंटावर ठेवायची. झाडाच्या पोटात वर्षावर्षाची वलयं असतात. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे जुन्या वणव्याचा काळा डाग. दोन झाडांची वलयं कधी सारखी नसतात. चकती खुंटावर बसली आणि वलयाला वलय मिळालं, की साहेबांना बोलायला जागाच उरत नाही.

नथ्थूभाऊंनी कपाळाला हात लावला. ओंडक्याचा बुडखा म्हणजे सगळ्यात जाड, सगळ्यात मोलाचा भाग, आणि बाई तोच कापायला निघाल्या! पण बाईंनी करवत लावायला सांगितली होती, आणि ती लागली.

टालावर कोलूच्या टोळीचे ओंडके वेगळे रचले. एकेक फिरवून खूण शोधायची, चकती कापायची आणि कोलूने तिच्यावर कोळशाने आपली निशाणी करायची. तिसऱ्या दिवशी सेहेचाळीस चकत्या झाल्या. आणि एक ओंडका उरला.

तो फिरवला. पुन्हा फिरवला. चारी बाजूंनी साल धुऊन पाहिली. त्याच्यावर सरकारी खूण नव्हती. कापलेल्या तोंडावर मात्र माझी चांदणी होती, पाचही टोकं स्वच्छ.

आणि मला आठवलं. डिसेंबरमध्ये एक खुणेचं मोठं झाड पडताना शेजारच्या सागावर कोसळलं होतं, आणि तो साग कमरेत मोडला होता. जमीनदारीत रीत अशी, की पडणाऱ्या झाडाने जे झाड मोडलं ते 'जोडीचं'. ते त्याच्याबरोबरच जायचं, त्यात विचारण्यासारखं काही नाही. नव्या नियमात मात्र ते तसंच पडू द्यायचं होतं, साहेबांना कळवायचं होतं आणि त्यांनी येऊन खूण केल्यावरच हात लावायचा होता. त्या दिवशी कोलूच्या माणसांनी सवयीने ते कापलं. गाडीवानाने सवयीने ते आणलं. आणि रुखमाबाईंनी सवयीने मला उचलून त्याच्यावर मारलं. पडताना मला काहीही वाटलं नव्हतं. आज त्या चांदणीकडे पाहून माझं पोलाद थंड पडलं.

मग नथ्थूभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, साहेबाच्या वहीत सेहेचाळीसच खुंट आहेत. हा झुडपात आहे, त्याईनं पाह्यलाच नाई. वरून पाला टाकून आग लावली का राख होते. ओंडका आपण चिरून टाकू. चाळीस घरांचा सवाल आहे."

नथ्थूभाऊ वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. दादाजींच्या वेळेपासूनचे ते आमचे मुनीम. त्यांना खरोखरच त्या चाळीस घरांची काळजी होती. रुखमाबाई ओंडक्यावर बसल्या. चांदणीवरून बोट फिरवत राहिल्या. दुपार सरायला आली तरी त्या तिथेच. मला वाटलं, बाई नथ्थूभाऊंचं ऐकणार. खरं सांगतो, मला तेच हवं होतं. मला माझं तोंड वाचवायचं होतं.

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "हातोडा म्या मारला, खुंटानं नाई मारला. त्याले काऊन जाळायचं?"

आठव्या दिवशी सकाळी रान माणसांनी भरून गेलं. एकेक चकती मणभराची. कूपाच्या तोंडापर्यंत गाड्या, आणि पुढे दोघादोघांच्या खांद्यावर कावड. इतर टोळ्यांची माणसं न बोलावता आली. बायाही आल्या. कोलू पुढे चालायचा, चकतीवरची निशाणी बघायचा आणि बोट दाखवायचा: ही इथी, ती तिथी. चकती खुंटावर टेकली, थोडी फिरवली, की एका क्षणी ती अशी चपखल बसायची की करवतीची रेघसुद्धा दिसू नये. वरच्या अंगाला सरकारी खूण, खाली मूळ. झाडं जणू पुन्हा वीतभर उभी राहिली होती.

साहेब प्रत्येक खुंटाशी गुडघे टेकून बसले. वलयं मोजली, डाग जुळवले. दहा झाले, वीस झाले. तिसाव्याला त्यांनी चष्मा काढून पुसला. सेहेचाळिसावा झाल्यावर ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "बाई, माझ्या नोकरीत असा पुरावा मी पाहिला नाही. तुमच्यावर काही ठपका नाही."

डोमाने वही मिटली. नथ्थूभाऊंनी डोळे मिटून हात जोडले.

"साहेब, एक राह्यलं," रुखमाबाई म्हणाल्या.

त्या झुडपात शिरल्या. पाला हाताने बाजूला केला आणि सत्तेचाळिसावा खुंट दाखवला. शेजारी मोडका ओंडका आणून ठेवला होता, चांदणी वर करून. जे झालं ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. कोलूचं नाव घेतलं नाही, गाडीवानाचंही नाही. म्हणाल्या, "चूक माही आहे. नियम वाचला होता. हाताले सवय जुनी होती."

साहेबांनी वाकून तो कोरा खुंट बोटाने चाचपला. मग त्यांनी हात पुढे केला आणि रुखमाबाईंनी मला त्यांच्या हातात दिलं. मित्रांनो, त्या क्षणी मला बाईंचा जितका अभिमान वाटला तितका माझ्या चांदणीचाही कधी वाटला नव्हता. आणि तितकी भीतीही कधी वाटली नव्हती.

"चांदणी रद्द करत नाही," साहेब म्हणाले. "पण नियम आहे. या हंगामापुरता हातोडा जमा."

मला फडक्यात गुंडाळलं, गाठीवर लाखेची मोहर केली आणि एटापल्लीच्या रेंज कचेरीतल्या एका लाकडी पेटीत टाकलं. बाहेर आमचं काम थांबलं. पण साहेबांनी आमच्या चारही टोळ्यांना वणवा अडवणाऱ्या आगरेषा साफ करण्याच्या सरकारी कामावर घेतलं, त्यामुळे चाळीस घरांची चूल विझली नाही. रुखमाबाई त्यांच्याबरोबर स्वतः झाडू घेऊन उभ्या राहायच्या, हे मला डोमाच्या बोलण्यातून कळलं. पेटीत माझ्या शेजारी कोण होतं ठाऊक आहे? तो काळा, ठेंगणा सरकारी हातोडा. नऊ महिने आम्ही एकमेकांना टेकून होतो. पावसाळ्यात दोघांनाही गंज चढला. गंजाने मी जरा शहाणा झालो. मला कळलं की तो माझ्यावर कुरघोडी करायला आलेला नव्हता. त्याच्यामुळेच माझ्या चांदणीला काही अर्थ उरला होता.

कार्तिकात पेटी उघडली. साहेबांनी मोहर फोडली, मला खांद्यावर टाकलं आणि रुखमाबाई, कोलू, डोमा यांना घेऊन ते जुन्या कूपात गेले. पाऊस संपून रान हिरवंगार होतं. इतर टोळ्यांच्या गुडघाभर खुंटांवर फुटवे आले होते, पण बरेचसे वाऱ्याने फाटून लोंबत होते. कोलूच्या खुंटांमधून मात्र सरळसोट, माणसाच्या डोक्यावर जाणारी सागाची रोपं उभी होती. पानं सुपाएवढी.

साहेबांनी खिशातून एक कागद काढला. चकत्यांचा सगळा प्रकार त्यांनी वर कळवला होता आणि उत्तर आलं होतं. आता या रेंजमध्ये बुडाची खूण वीतभर वर करायची नाही. अगदी खाली, मूळ जमिनीत शिरतं तिथे करायची. म्हणजे खुंट कितीही खाली कापला तरी खूण शाबूत राहील. "आता डोमाला वाकावं लागेल," साहेब म्हणाले. डोमाने गुडघ्यावर हात ठेवला आणि सगळे हसले. कोलू हसला नाही. तो एका फुटव्याच्या बुडाशी तांदूळ ठेवत होता. रानातल्या एका अबोल माणसाच्या कामाची रीत सरकारच्या कागदात जाऊन बसली होती. त्याला ते कुणी सांगितलं तेव्हा तो फक्त म्हणाला, "झाडाले बरं."

साहेबांनी मला रुखमाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी दादाजी गेले तेव्हा पुसलं होतं तसं पदराने मला पुसलं.

त्याला आता चार वर्षं झाली. मध्यंतरी आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, कागदांचे मथळे बदलले, काही नियम सुटले, काही नवे आले. नवा कागद आला की नथ्थूभाऊ अजूनही उसासा टाकतात आणि रुखमाबाई अजूनही "काऊन?" विचारतात. पण एक गोष्ट त्यांनी कुठल्या कागदातून घेतलेली नाही. ओंडका समोर आला की त्या आधी खाली बसतात. बोटाने सरकारी खूण चाचपतात. मगच उठून मला उचलतात. नुकताच कामावर आलेला एक गाडीवान एकदा हसून म्हणाला, "बाई, खूण तं इथूनच दिसून राह्यली. वाकता काऊन?"

"दिसते," रुखमाबाई म्हणाल्या. "त्या दिशीही सारं दिसतच होतं."

मित्रांनो, मी हातोडा आहे. कुणाच्या हातात आहे आणि कशावर पडतो आहे, हे मला पडताना कळत नाही. ते हाताला कळावं लागतं. म्हणून तुमच्याजवळ माझी एकच विनंती आहे. कधी एटापल्लीच्या रानात आलात, तर त्या जुन्या कूपात जा. झुडपाआड एक साग आहे, दोन पुरुष उंच, एका मोडक्या झाडाच्या मुळातून आलेला. त्याच्या बुडाशी सरकारी खूण नाही, माझी चांदणीही नाही. त्याला हात लावून बघा आणि तसाच उभा राहू द्या. रुखमाबाई दर दिवाळीला मला घेऊन तिथे जातात. मला जमिनीवर ठेवतात, आणि त्याच्याकडे बघत बसतात.